लिनक्स मोफत आहे, तरी आपल्या घरात का येत नाही?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा आमच्या संगणक कक्षातल्या दहाही यंत्रांवर एकच सूचना झळकत होती. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, आता सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत. एक वर्षाची वाढीव मुदत घेण्याची सोय कंपनीने ठेवली होती, पण ते दुखणे पुढे ढकलण्यासारखेच होते. विंडोज 11 टाकावे, तर त्यासाठी टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमची यंत्रे दहा-अकरा वर्षांपूर्वीची. ती त्या परीक्षेत नापास.

दहा नव्या संगणकांचे कोटेशन मागवले. आकडा सव्वातीन लाखांच्या वर गेला. तालुक्याच्या गावातली अनुदानित उर्दू शाळा एवढे पैसे कुठून आणणार? मुख्याध्यापक म्हणाले, “कक्षाला कुलूप लावू, पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी म्हणजे कधी, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आठवी ते दहावीच्या ज्या मुली तिथे आठवड्यातून एक तास बसतात, त्यांच्यापैकी बहुतेकींच्या घरी संगणक नाही. घरात जो मोबाइल आहे, तो अब्बांच्या किंवा भावाच्या खिशात असतो. तो एक तास गेला की सगळेच गेले.

अशा वेळी आम्ही लिनक्सचे नाव काढले. नाव आम्हालाही ऐकूनच माहीत होते. त्यानंतरच्या चार महिन्यांत जे पाहिले, जे साधले आणि जी एक मोठी चूक आमच्या हातून झाली, ते सगळे वाचकांपुढे ठेवत आहोत.

मोफत म्हणजे नेमके काय?

संगणक सुरू केल्यावर पडदा, फाइली, की-बोर्ड, प्रिंटर या सगळ्यांना कामाला लावणारा जो मूळ कारभारी असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज हा असाच एक कारभारी. त्याची मालकी एका कंपनीकडे आहे आणि त्याची आतली रचना बाहेरच्यांना पाहायला मिळत नाही.

लिनक्सची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याची रचना अभ्यासण्याचे, ते बदलण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, ही त्यामागची भूमिका. 1991 मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने अशा प्रणालीचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. या दोहोंच्या मेळातून आजचे लिनक्स उभे राहिले. पुढे जगभरातील लोकांनी आणि कंपन्यांनी त्यात भर घातली. उबुंटू 2004 मध्ये आले, लिनक्स मिंट 2006 मध्ये. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती काढली.

कमाल म्हणजे आपण सगळे लिनक्स रोज वापरतो. अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सचाच आहे. जगातील सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतील सगळी यंत्रे 2017 पासून लिनक्सवर चालतात. पण घरातल्या, दुकानातल्या टेबलावरचा संगणक घेतला, तर जगात शंभरातले जेमतेम चार-पाच लिनक्सवर असतात. जे खिशात चालते, ते टेबलावर का चालत नाही? आमच्या मनात हाच प्रश्न होता.

कक्षात काय घडले

आधी एकाच यंत्रावर प्रयोग केला. लिनक्स मिंट इंटरनेटवरून उतरवून पेनड्राइव्हवर चढवले. संगणकात काहीही न बसवता नुसत्या पेनड्राइव्हवरून ते चालवून पाहता येते, ही मोठी सोय आहे. चार जीबी रॅमचे ते यंत्र विंडोजवर सुरू व्हायला चहा पिऊन होईपर्यंतचा वेळ घ्यायचे. आत जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एक छोटी एसएसडी टाकली आणि मिंट बसवले, तर ते अर्ध्या मिनिटात उभे राहिले. मुख्याध्यापकांनी स्वतः घड्याळ लावून पाहिले. मग डिसेंबरअखेर दहापैकी आठ यंत्रे बदलली. दोन मुद्दाम विंडोजवर ठेवली, त्याचे कारण पुढे येईल.

मुलींना काही वाटलेच नाही. पहिल्याच तासाला त्यांनी मेनू शोधला, चित्र काढायचा प्रोग्राम शोधला, पडद्यामागचे चित्रही बदलून टाकले. त्यांची जुनी सवय अशी नव्हतीच. अडचण आम्हा मोठ्यांची झाली. एक्सेलऐवजी लिब्रेऑफिसचे कॅल्क उघडले की निकालपत्रक करणारे आमचे सहकारी म्हणत, “सर्व काही आहे, पण जागेवर नाही.” स्वयंपाकघरात सुनेने डबे हलवले की सासूची जी गत होते, तीच.

लिपीच्या बाबतीत आमची भीती मात्र खोटी ठरली. मराठीचा इनस्क्रिप्ट की-बोर्ड त्यात आधीपासूनच आहे, फक्त सेटिंगमधून जोडून घ्यावा लागतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ हा देखणा देवनागरी फॉन्ट खुला आणि मोफत आहे. उर्दूसाठी नोटो नस्तालीक आहे. अरबी मजकुरासाठी ‘अमिरी’ आहे. इजिप्तच्या बुलाक छापखान्यातील जुन्या खिळ्यांवरून खालिद होस्नी यांनी तो घडवला आणि खुला ठेवला. अक्षरांना एकमेकांशी जोडून पडद्यावर नीट बसवणारा जो भाग आहे, त्याचे नाव ‘हार्फबझ’. हे नाव फारसीतील ‘हर्फ’ आणि ‘बाज’ या शब्दांवरून ठेवले आहे. बाज म्हणजे खुले. उर्दूच्या शिक्षकाला आनंद व्हायला एवढे पुरेसे होते.

त्या आनंदाच्या भरातच पुढची चूक झाली.

खालाजानचा संगणक

आमच्या गल्लीत एक खालाजान राहतात. शौहर वारल्यानंतर त्यांनी त्यांचे डीटीपीचे काम हातात घेतले. निकाहच्या पत्रिका, वलीमा, अकीका, कुरआनख्वानीचे निमंत्रण, दुकानांच्या उर्दू पाट्या. घर त्यावर चालते. शाबानचा महिना लागला की लग्नांची घाई होते, कारण पुढे रमजान असतो. त्या एका महिन्यातल्या कमाईवर त्यांचे बरेच महिने निघतात.

त्यांच्याही पडद्यावर ती मुदत संपल्याची सूचना येऊ लागली. त्या घाबरल्या. जानेवारीत, शाबान लागायच्या आधी, आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “खालाजान, काळजी करू नका. शाळेतली आठ यंत्रे केली, तुमचे एक काय अवघड?”

त्यांचे सगळे काम इनपेजवर. उर्दू नस्तालीकसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे हाच प्रोग्राम चालत आला आहे. मिर्झा अहमद जमील यांनी 1981 मध्ये साकारलेले नूरी नस्तालीक त्याच्यामुळे गल्लीबोळातल्या डीटीपीवाल्यांपर्यंत पोहोचले. लिनक्ससाठी इनपेज निघत नाही. ‘वाइन’ नावाच्या सोयीतून विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालवता येतात, त्यातून इनपेजही चालवू, असे आम्ही ठरवले होते. ते चालते का, हे आधी तपासले नव्हते.

‘डॉक्युमेंट्स’मधल्या फाइली आम्ही पेनड्राइव्हवर घेतल्या. मग बसवण्याची क्रिया सुरू केली. एका पडद्यावर विचारले जाते की विंडोजशेजारी बसवू, की डिस्क पुसून बसवू. शाळेत आठ वेळा पुसण्यावरच टिचकी मारली होती. बोट सवयीने तिथेच गेले.

खालाजानच्या पत्रिका डी ड्राइव्हमध्ये होत्या. विंडोजमध्ये सी आणि डी वेगळ्या कप्प्यांसारखे दिसतात, पण डिस्क एकच असते. ती पूर्ण पुसली गेली. सात वर्षांच्या पत्रिका, बेलबुट्ट्यांच्या चौकटी आणि त्यांच्या शौहरांनी स्वतः आखलेले नमुने, सगळे गेले.

“डी मध्ये बघा ना,” त्या म्हणाल्या. बघायला डी उरलेच नव्हते.

डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे डिस्क नेली. थोड्या फाइली मिळाल्या, त्यांची नावे हरवलेली. बाकीचे हाती लागले नाही. खालाजान आम्हाला एक कडू शब्द बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “बेटा, मला आधी विचारायचे होतेस, माझे सामान कुठे ठेवले आहे ते.”

त्यांच्या यंत्रावर पुन्हा विंडोज बसवले, रीतसर विकत घेतलेले त्यांचे इनपेज पुन्हा टाकले. वाढीव मुदत घेऊन दिली. मग मगरिबनंतर रोज दोन तास आम्ही आणि आमची मोठी मुलगी त्यांच्याकडे बसलो. छापून गेलेल्या जुन्या पत्रिका लोकांच्या घरांतून, फ्रेममधून, कपाटातून मागून आणल्या आणि पाहून पाहून नमुने पुन्हा तयार केले. शाबानची घाई कशीबशी निभावली. शौहरांनी आखलेले दोन नमुने मात्र कुणाच्याही घरी सापडले नाहीत.

अडथळे नेमके कुठे आहेत?

या प्रकारानंतर आम्ही शांतपणे विचार केला. लिनक्स अवघड आहे म्हणून लोक घेत नाहीत, असे सर्रास म्हटले जाते. अनुभव तसा नाही. वापरायला ते मुलींना एका तासात आले. अडथळे दुसरीकडेच आहेत.

पहिला अडथळा बसवण्याचा. मोबाइलमध्ये लिनक्स आपण बसवले नाही, ते कारखान्यातून बसूनच आले. संगणकात मात्र बहुतेक वेळा विंडोज बसून येते. लिनक्स हवे तर पेनड्राइव्ह तयार करा, यंत्र सुरू होताना ठरावीक बटण दाबून त्यावरून चालू करा, डिस्कचे भाग समजून घ्या. घर बांधता येत नाही म्हणून कुणी घरात राहायला नालायक ठरत नाही. पण इथे राहणाऱ्यालाच गवंडी व्हावे लागते. आणि त्यात चूक झाली तर काय होते, ते वर सांगितलेच.

दुसरा अडथळा दुकानाचा. विंडोज नसलेले स्वस्त लॅपटॉप आपल्याकडे वर्षानुवर्षे विकले गेले. कुणात उबुंटू असायचे, कुणात डॉस. पण गिऱ्हाईक पैसे देऊन बाहेर पडायच्या आत त्यावर चोरीचे विंडोज चढलेले असायचे. “फॉरमॅट मारून देतो, तीनशे रुपये द्या,” हे वाक्य कुणी ऐकलेले नाही? म्हणजे आपल्या बाजारात लिनक्सची स्पर्धा दहा हजारांच्या विंडोजशी नाही, तीनशेच्या विंडोजशी आहे. जे दोन्हीकडे जवळजवळ फुकटच, त्यात लोक ओळखीचे उचलतात. हलाल कमाईबद्दल काटेकोर असणाऱ्या घरांतही हा प्रश्न कधी विचारला जात नाही. दुसऱ्याची मेहनत न विचारता वापरणे म्हणजे काय, हे मुलांना सांगायचे असेल तर आधी आपल्या टेबलाकडे पाहावे लागेल. आम्हीही पाहिले. घरच्या जुन्या संगणकावरचे विंडोज असेच तीनशेचे निघाले.

तिसरा अडथळा जुन्या कामाचा. खालाजानच्या इनपेज फाइली, प्रेसवाल्याच्या जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधला मजकूर, किराणा दुकानदाराची टॅली. ही माणसे विंडोजला बांधलेली नाहीत, आपल्याच मागच्या दहा वर्षांच्या कामाला बांधलेली आहेत. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर कुठल्याही यंत्रावर तसाच दिसतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर फॉन्ट नसेल तर नुसता गिचमिड दिसतो. त्यामुळे बदल करायचा तर तो फाइलींपासून सुरू व्हायला हवा.

चौथा अडथळा यंत्राला जोडलेल्या यंत्रांचा. शाळेचा एक प्रिंटर लिनक्सने क्षणात ओळखला, दुसऱ्याने आम्हाला आठ दिवस नाचवले आणि शेवटी तो विंडोजच्याच यंत्राला जोडावा लागला. डिजिटल सहीच्या यूएसबीची तीच कथा. ज्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नाही, तिथे वापरणाऱ्याचे काही चालत नाही. पण दोष लिनक्सच्या माथी बसतो. शासकीय पोर्टलची कामे मात्र ब्राउझरमध्ये होतात, त्यामुळे ती बहुतेक सुटली.

पाचवा अडथळा परीक्षेचा. पालकसभेत एका वालिदांनी सरळ विचारले, “सर्टिफिकेट विंडोज आणि ऑफिसवर मिळते, मग माझ्या मुलीला हे का शिकवता?” प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या राज्यात नोकरीसाठी एमएस-सीआयटी मागितली जाते आणि तिथे शिकवतात ते विंडोज आणि ऑफिस. दोन यंत्रे विंडोजवर ठेवली, ती यासाठीच. दहावीच्या मुली आळीपाळीने दोन्हींवर बसतात.

सहावा अडथळा आम्हाला सर्वांत मोठा वाटतो, तो म्हणजे विचारायला माणूस नसणे. विंडोज अडले तर भाचा आहे, शेजारचा मुलगा आहे, चौकातला दुकानदार आहे. लिनक्स अडले तर उत्तर इंटरनेटवर असते, इंग्रजीत असते आणि काळ्या पडद्यावर टाइप करायच्या आज्ञांच्या रूपात असते. त्यात उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन अशी शेकडो रूपे. तांदूळ ओळखणाऱ्याला कोलम, आंबेमोहोर, बासमती पाहून आनंद होतो. न ओळखणारा दुकानातून रिकाम्या हाताने परत येतो.

दोन ठिकाणांची उदाहरणे

केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत गेली अनेक वर्षे संगणक लिनक्सवर शिकवला जातो. तिथे नुसती सीडी वाटली नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्यावर बेतली, मल्याळममध्ये साधने तयार केली आणि अडले तर विचारायला यंत्रणा उभी केली. म्हणजे वर सांगितलेले बरेच अडथळे एकाच वेळी हटवले.

दुसरे उदाहरण जर्मनीतील म्युनिक शहराच्या महापालिकेचे. 2003 मध्ये त्यांनी लिनक्सवर जायचे ठरवले. दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. तरी 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव झाला. कारणांवर अजून वाद आहे. कुणी फाइलींच्या देवघेवीतल्या अडचणी सांगतात, कुणी राजकारण. एवढे खरे की एवढ्या मोठ्या संस्थेलाही आजूबाजूचे जग विंडोजवर असताना एकट्याने वेगळे राहणे जड गेले. मग एकट्या खालाजानकडून आम्ही काय अपेक्षा करत होतो?

मग आपण काय करावे?

ज्यांच्या घरी विंडोज 10 चा जुना संगणक पडून आहे, त्यांना आमचे सांगणे असे.

संगणक कशासाठी वापरता, ते आधी कागदावर लिहा. मुलांचा अभ्यास, पत्रे, व्हिडिओ, बँक, ईमेल एवढेच असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू बेधडक वापरून पाहा. इनपेज, टॅली किंवा डिजिटल सही यावर पोट असेल तर त्या यंत्राला हात लावू नका, प्रयोग दुसऱ्या यंत्रावर करा.

विंडोजवर असतानाच फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस वापरायला लागा. दोन्ही मोफत आहेत. महिनाभरात सवय झाली की पुढचा बदल निम्मा होतो. नवे लिखाण, मराठी असो की उर्दू, युनिकोडमध्येच करा.

पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. आवाज, वायफाय, प्रिंटर चालतो का, ते बसवण्यापूर्वीच कळते.

बॅकअप घ्या. सी, डी, डेस्कटॉप, सगळ्याचा. दुसऱ्याचा संगणक असेल तर त्या माणसाला शेजारी बसवून विचारा, तुमचे काय काय कुठे आहे. मगच पुढचे बटण दाबा. हा सल्ला आम्हाला फार महाग पडला आहे, तुम्हाला फुकट देत आहोत.

आणि शेवटचे. लिनक्स वापरणारा एक माणूस मोहल्ल्यात असला की दुसऱ्याचे काम सोपे होते. आमच्या शाळेत आता शनिवारी दुपारी दोन तास कक्ष उघडा असतो. नववीच्या चार मुली येणाऱ्यांचे प्रश्न सोडवतात. आतापर्यंत सहा घरांतली यंत्रे झाली. प्रत्येक वेळी या मुली बटण दाबण्याआधी घरच्या माणसाला एक कागद देतात आणि म्हणतात, “तुमचे सामान कुठे कुठे ठेवले आहे, ते आधी यावर लिहा.”

गेल्या शनिवारी खालाजानही आल्या होत्या. त्यांना पत्रिकांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर कशा ठेवायच्या, ते शिकायचे होते. विंडोजवरच. मुलींनी शिकवले.